वाचकांचे प्रश्न : ‘गोल्डन सन’मध्ये घोडं कुठे अडतं?

कॅमलॉटने गेम बॉय ॲडव्हान्ससाठी बनवलेला आणि निन्टेंडोने २००१ साली आणलेला ‘गोल्डन सन’ हा व्हिडिओ गेम १७ जानेवारी २०२४ला स्विच ऑनलाइनच्या एक्स्पान्शन पॅकमध्ये आला. त्यामुळे नव्याने खेळणारे आणि जुनं कार्ट्रिज बाहेर काढणारे, असे दोघंही लिहितात. या अंकात फक्त याच खेळाचे प्रश्न घेतले आहेत. खेळात आपण आयझॅक, गॅरेट, आयव्हन आणि मिया या चौघांना चालवतो.

प्रश्न : मर्क्युरी लाइटहाउस या दीपगृहाच्या माथ्यावर सॅटुरॉस हा शत्रू दर वेळी लोळवतो. लढाईआधीच सगळे जिन (पात्रांना बळ देणारे छोटे जीव) स्टँडबायवर, म्हणजे समनसाठी मोकळे, टाकतो आणि पहिल्याच फेरीत समन (जिनांच्या जोरावर मोठ्या शक्तीला बोलावणं) करतो. दणका जोरात बसतो, पण तिसऱ्या-चौथ्या फेरीत आमचेच दोघं आडवे. चुकतंय काय?

उत्तर : समनचा दणका डोळ्यांना दिसतो, त्याची किंमत मात्र दिसत नाही. जिन ‘सेट’, म्हणजे पात्राला जोडलेला, असतो तोवर तो त्या पात्राचं बळ वाढवतो आणि पात्राचा वर्गही ठरवतो. आयझॅककडे दोन व्हीनस (पृथ्वीतत्त्वाचे) जिन सेट असले की तो ‘नाइट’ होतो. एक जरी वापरला तरी घसरून ‘स्क्वायर’. वर्ग घसरला की एचपीची (जीवनशक्तीची) कमाल मर्यादा, हल्ला, बचाव सगळंच उतरतं. तुम्ही चौघांनाही लढाईआधीच या अवस्थेत नेऊन ठेवता, म्हणजे चिलखत घरी ठेवून रणात उतरता.

उलट करा. सुरुवातीला सगळे जिन सेट. पहिल्या फेरीत एक-दोघांनीच जिन सोडावेत. त्यात आयझॅकचा ग्रॅनाइट असला तर उत्तम, कारण तो त्या फेरीपुरता सगळ्यांवरचा मार कमी करतो. सोडलेला जिन स्टँडबायवर जातो आणि आपणहून परत येत नाही. लढाईत तो पुन्हा सेट करायचा तर एक चाल खर्ची पडते. समनमध्ये वापरला तर मात्र तो ‘रिकव्हरी’त जातो आणि काही वेळाने चाल न खाता आपोआप सेट होतो, फक्त एकेक करून. म्हणून क्रम असा ठेवा : आधी सोडा, पुढच्या फेरीत त्याच जिनांवर समन करा, मग ते परत येईपर्यंत मियाला औषधपाण्यावर ठेवा. स्टँडबायवरचा जिन कोणाचाही असो, समन कोणीही करू शकतो. तेव्हा जो कमी कामाचा आहे, त्याची चाल त्यावर घालवा.

सॅटुरॉस अग्नीचा, म्हणजे मार्सचा. मियाच्या पाण्याच्या सायनर्जीचा (या खेळातल्या जादूचा) घाव त्याला जास्त लागतो. गॅरेटने मात्र आगीची सायनर्जी अजिबात वापरू नये, त्यापेक्षा सरळ शस्त्र चालवावं. त्याचा इरप्शन हा हल्ला एकाच वेळी अनेकांना भाजतो, त्यामुळे कोणाचाही एचपी अर्ध्याखाली राहू देऊ नका. पुढे गोष्टीत कळतं की, मर्क्युरीच्या, म्हणजे पाण्याच्या, दीपामुळे त्या वेळी त्याची ताकद घटलेली होती. हरणाऱ्याला हे वाचून बरं वाटणार नाही, पण आहे ते असं.

प्रश्न : चौघांनाही ‘अटॅक’ दिला तरी शेवटचे एक-दोघं नुसतेच बचावाच्या पवित्र्यात उभे राहतात. खेळात दोष आहे का?

उत्तर : दोष नाही, पण त्रासदायक आहे खरं. लक्ष्य आधीच मेलं तर या खेळात वार दुसऱ्या शत्रूकडे वळत नाही. ते पात्र ती चाल बचावात काढतं. त्यामुळे चौघांनाही एकाच शत्रूवर सोडू नका. वेगाचा आकडा पाहा. आयव्हन साधारण सगळ्यांत आधी हलतो, गॅरेट मागे राहतो. पहिल्या दोन घावांत एक शत्रू पडणार असेल, तर उरलेल्या दोघांना शेजारच्यावर लावा. ठिकाणाचे शत्रू दोन-तीन लढायांत ओळखीचे झाले की, किती घावांत कोण पडतो याचा अंदाज बसतो.

प्रश्न : खेळ पूर्ण केला. आता दुसऱ्या भागात सगळं न्यायचं आहे. माझ्याकडे निन्टेंडोचा डीएस लाइट आहे, केबल कुठे लावायची तेच सापडत नाही. आणि प्रगती पुढच्या भागात नेणारा पासवर्ड ब्राँझ घ्यावा, सिल्व्हर की गोल्ड?

उत्तर : केबलची जागा सापडणार नाही, कारण ती नाहीच. डीएस आणि डीएस लाइटमध्ये ॲडव्हान्सचं कार्ट्रिज चालतं, पण लिंक केबलचं पोर्ट दिलेलं नाही. केबलने न्यायचं तर दोन ॲडव्हान्स किंवा ॲडव्हान्स एसपी, दोन्ही कार्ट्रिज आणि ॲडव्हान्सचीच केबल हवी. गेम बॉय मायक्रोचं टोक वेगळं असतं. तुमच्यासाठी पासवर्डच.

ब्राँझ १६ अक्षरांचा, सिल्व्हर ६१ आणि गोल्ड २६०. ब्राँझमध्ये लेव्हल आणि जिन जातात, सिल्व्हरमध्ये पात्रांचे आकडेही, गोल्डमध्ये वस्तू आणि नाणीसुद्धा. २६० अक्षरं टंकणं म्हणजे शिक्षाच, तरी आमचं मत गोल्डकडे झुकतं. आयझॅकची मंडळी दुसऱ्या भागात फार उशिरा येतात आणि तेव्हा त्यांची जुनी शस्त्रं हाताशी असणं मोलाचं ठरतं. वस्तूंचं सोयरसुतक नसेल तर ब्राँझ पुरे.

पासवर्ड घेण्याआधी जिन मोजा. पहिल्या भागात प्रत्येक तत्त्वाचे ७, एकूण २८. दुसऱ्यात ४४. दुसऱ्या भागातल्या अनेमॉस या ठिकाणाच्या आतल्या गाभाऱ्याचं दार सगळे ७२ असल्याशिवाय उघडत नाही. इथे एक राहिला तर तिथे दार बंद.

अक्षरं कागदावर उतरवू नका. मोबाइलने प्रत्येक पडद्याचा सरळ समोरून, चमक टाळून फोटो घ्या. लहान-मोठ्या लिपीत फरक धरला जातो आणि एक अक्षर चुकलं तरी पासवर्ड घेत नाही. टंकताना फोटोवर पट्टी ठेवून ओळ ओळ पुढे सरका, मग डोळा भलत्या ओळीवर उडी मारत नाही.

प्रश्न : जिन मिळवायला त्याच्याशी लढाई चालू असताना तो पळून गेला. कायमचा गेला का?

उत्तर : नाही. त्या जागेतून बाहेर पडा, परत या, तो तिथेच असेल. मोकळ्या नकाशावरचे काही जिन मात्र समोर दिसत नाहीत. ठरावीक पट्ट्यात फिरत राहिलं की साध्या लढाईसारखेच अचानक समोर येतात, म्हणून तिथे धीर धरून येरझाऱ्या घाला.

प्रश्न : जुन्या बाजारात कार्ट्रिज मिळतंय. अस्सल कसं ओळखावं?

उत्तर : अमेरिकी प्रतीच्या लेबलवर ‘एजीबी-एजीएसई-यूएसए’ हा रोमन लिपीतला कोड हवा. लेबल तिरपं धरलं की त्यावर दाबून उमटवलेले दोन आकडे दिसतात. छापलेले नव्हे, दाबलेले. खालच्या फटीतून पट्टीवर ‘निन्टेंडो’ हे नाव वाचता येतं. मागचा स्क्रू तीन पात्यांचा असतो. साधा फुलीचा दिसला तर कोणीतरी उघडलेलं आहे, किंवा मुळातच नकली. पैसे देण्याआधी खेळ सुरू करा, सेव्ह करा, कन्सोल पूर्ण बंद करा, कार्ट्रिज काढून परत घाला आणि फाइल उघडते का पाहा. नकली कार्ट्रिज बहुतेक वेळा याच पायरीला हात वर करतं.

प्रश्न : व्हेल या आयझॅकच्या गावात मोहिमेवर जाणार का असं विचारल्यावर सहज ‘नाही’ म्हटलं, तर खेळच संपला!

उत्तर : संपणारच. आयझॅक गेला नाही तर जग विनाशाकडे ढकललं जातं, हे खेळ एका वाक्यात सांगतो आणि पडदा पाडतो. पुन्हा सुरू करा, ‘हो’ म्हणा.