आधी केबल बदला, मग बोर्डाला दोष द्या

अर्डुइनो (प्रोग्रॅम टाकून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड) वापरलेल्या प्रोजेक्टचे सबमिशन जवळ आले की तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून एकत्रच उत्तरे देतो.

प्रश्न : अर्डुइनो उनोवरचा दिवा लागतो, पण संगणकात पोर्ट दिसत नाही. बोर्ड जळाला का?
बहुधा नाही. चार्जरसोबतच्या कित्येक केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. केबल बदलूनही दिसला नाही, तर बोर्डावर यूएसबी जोडणी सांभाळणारी सीएच340 चिप आहे का बघा आणि तिचा ड्रायव्हर टाका.

प्रश्न : ‘इफ’मधली अट कायम खरीच ठरते.
तुलनेला दोन बरोबरचिन्हे लागतात. तुम्ही एकच टाकले आहे.

प्रश्न : बटण न दाबताही एलईडी लुकलुकतो. मित्र म्हणतो, नवा बोर्ड घे.
घेऊ नका. पिन अधांतरी आहे, म्हणजे बटण न दाबता तिला ठरावीक व्होल्टेज मिळत नाही. पिनमोडमध्ये इनपुट_पुलअप लिहा आणि बटण पिन व ग्राउंडमध्ये जोडा. आता दाबल्यावर ‘लो’ मिळेल, तेव्हा अट उलटी करा.

प्रश्न : रोबोटसाठी 9800 एमएएच क्षमतेचे 18650 सेल स्वस्तात मिळाले. व्हिडिओत बघून मोबाइल चार्जरची वायर थेट सेलला लावली. सेल तापतो. सबमिशन परवा आहे.
चार्जिंग आत्ताच बंद करा, आणि तो सेल पुन्हा वापरू नका. 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब सेलमध्ये नामांकित कंपन्यासुद्धा साधारण 3500 एमएएचच बसवतात. 9800 छापणारा विक्रेता सरळ फसवतो आहे. अशा सेलच्या आत काय भरले आहे, याचा भरवसा नाही. नेहमीचा लिथियम-आयन सेल 4.2 व्होल्टपर्यंतच चार्ज करायचा असतो. चार्जर देतो 5. मर्यादा ओलांडली की आत लिथियम धातू साचतो, वायू तयार होतो आणि सेल पेट घेऊ शकतो. व्हिडिओवाला पुढे त्या सेलचे काय झाले, ते दाखवत नाही! एका सेलला संरक्षण असलेले टीपी4056 चार्जिंग मॉड्यूल लावा. त्यावर ‘आउट’चे दोन वेगळे पॅड असतात, तीच संरक्षणाची ओळख. सिरीजमधल्या दोन सेलना एकच मॉड्यूल लावू नका, त्यासाठी बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून त्यांचे संरक्षण करणारे सर्किट) आणि योग्य चार्जर लागतो. रात्री चार्जिंगला ठेवून झोपणे तर नकोच. परवासाठी चार एए सेलचा होल्डर लावा, रोबोट सावकाश धावेल, धावू दे. तापलेला सेल घरात ठेवू नका. लॅबमधल्या सरांना किंवा मॅडमना विचारून ई-कचऱ्यात द्या. नवा सेलही त्यांच्यासमोर मल्टिमीटरने मोजून मगच जोडा.

प्रश्न : रिलेवर (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या स्विचवर) घरातला पंखा जोडू का?
एकट्याने नाही. कोड 12 व्होल्टच्या दिव्यावर तपासा. 230 व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.