पऱ्हाटीत उतरण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

फवारणी करणाऱ्या मजुरांसाठीची तुझी प्रश्नावली वाचली. सातवा प्रश्न खोडून टाक. 'आपण कीटकनाशके वापरता का?' माझाही पहिल्या वर्षी असाच होता. यवतमाळकडच्या एका गावात सकाळभर 'नाही, नाही' लिहीत बसले होते. शेवटी एक सालगडी उठला आणि म्हणाला, "बसा मॅडम, औषध मारून येतो." तिथे कीटकनाशक कोणीच वापरत नाही, सगळे औषध मारतात. औषधाला कोण भिणार?

२०१७ साल आठवत असेल. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, त्या वर्षी डोक्यावर गेलेली. नळी वर धरून मारायचं आणि तेच तोंडावर झेलायचं. त्यात दोन-तीन औषधं एकाच टाकीत. दवाखान्यात पोचल्यावर कोणती, ते सांगता येईना. ॲट्रोपीन हा उतारा काही विषांवर चालतो, सगळ्यांवर नाही. म्हणून रुग्णासोबत रिकामी बाटली गेलीच पाहिजे, एवढं तरी घरोघरी सांग.

बाटलीवरचा लाल त्रिकोण तू मला सांगशील. खरं आहे, लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण बाटली मालक आणतो, माहितीपत्रक त्याच्याच घरी राहतं आणि पंप मजुराच्या पाठीवर असतो. काही ठिकाणी मजुरी पंपावर मोजतात. त्याला 'मधे विसावा घे' म्हणणं म्हणजे 'रोजी बुडव' म्हणणं. म्हणून आधी मालकाशी आणि औषधं विकणाऱ्या कृषी केंद्रवाल्याशी बोल. 'कोणतं मारू?' हे लोक केंद्रवाल्यालाच विचारतात, आपल्याला नाही.

रक्त जूनमध्येच घे. कोलिनेस्टरेज (रक्तातलं एंझाइम, काही औषधांनी ते घसरतं) प्रत्येकाचं मुळात वेगळं असतं. फवारणीआधीचा आकडा हाती नसला, तर सप्टेंबरमधला घसरलाय की नाही ते कळणार कसं? आणि अहवाल ज्याचा त्याच्या हातात दे. आम्ही एकदा रक्त नेलं ते नेलंच. दुसऱ्या वर्षी एका बाईने दारातच विचारलं, "मागच्या रक्ताचं काय केलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या गावात मग कोणी बाही वर केली नाही.

प्लॅस्टिकचे कोट वाटून फोटो काढायची घाई करू नकोस. आधी स्वतः कोट घाल, सोळा लिटरचा पंप पाण्याने भर आणि भर उन्हात दोन तास चाल. (मी अर्ध्या तासात चक्कर येऊन बसले.) मग बाकीच्यांची पाठ बघ. झाकणातून झिरपलेलं सदऱ्यातून थेट कंबरेपर्यंत उतरलेलं असतं, आणि हे विष कातडीतूनही आत जातं. झाकणाचा वायसर (रबरी चकती) बदलला की निम्मं झिरपणं थांबतं. पत्रकांच्या गठ्ठ्यासोबत वायसरही पिशवीभर ने, पण आधी तिथले पंप कोणत्या मापाचे आहेत ते फोनवर विचारून घे.

आणि जवळच्या आरोग्य केंद्रात ॲट्रोपीन आहे का, ते पहिल्याच दिवशी बघून ये.

तुझी,
मॅडम