तंबू की गाडी ते सांगतो, पण अण्णांच्या पैशांचं काय?

परभणी जिल्ह्यातल्या एका शिक्षकांचं पत्र आलंय. वय ४४, हातात येणारा पगार ७२ हजार. घरी पत्नी, दहावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि आईवडील. सुट्टी लागली की चौघं बाहेर मुक्कामाला जातात. हिवाळ्यात पैठणला नाथसागरावर पक्षी बघायला, कधी गौताळ्याला, पावसाळ्यात सौताड्याच्या धबधब्याला. ते लिहितात:

“मिसेस म्हणतात, तंबूत साप-विंचवाची भीती, गाडीतच झोपू. मुलाला तंबूच पाहिजे. संभाजीनगरला एक जण व्हॅन घेऊन तिच्यात पलंग, ओटा, पंखा सगळं बसवून ९ लाखांत देतोय. दुसरा पर्याय आमच्या एर्टिगाच्या टपावर बसणारा तंबू, सव्वा लाखाचा. आम्ही जाणार नाही तेव्हा व्हॅन भाड्याने देऊ, तिचे पैसे तीच काढील. पैशाची अडचण नाही. गेल्या वर्षी अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, तीन एकर रस्त्यात गेलं, ५२ लाख आले. १० लाखांत घराचं कर्ज फेडलं, ४ लाख बहिणींना दिले, ८ लाख बँकेतल्या साहेबांनी एका गॅरंटीच्या योजनेत लावले, ३० लाख खात्यावर आहेत. योजनेत तीनच वर्षं भरायचंय, पुढे डबल. तर तंबू घ्यावा की गाडी?”

सर, विचारलंत तेवढ्याचं उत्तर सोपं आहे. तंबू घ्या. टपावरचा नको, जमिनीवर लावायचा, चौघांचा, वरून वेगळं पाऊसकापड असलेला साधा तंबू. ६-८ हजारांत चांगला मिळतो. चार मॅट, चार स्लीपिंग बॅग, दोन बॅटऱ्या धरून २५ हजारांत सगळी हौस भागते. एर्टिगा तुमच्याकडे आहेच. मागच्या दोन्ही रांगा पाडल्या की दोन माणसं आडवी होतात. वहिनी आणि मुलगी गाडीत, तुम्ही आणि चिरंजीव तंबूत. घरातलं भांडणही मिटेल.

वहिनींची भीती खोटी नाही. मण्यार चावते ती बहुतेक वेळा रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसालाच. पण तळ शिवलेला असेल आणि चेन पूर्ण लावलेली असेल तर तंबूत ना मण्यार शिरत ना विंचू. घोळ होतो तो पोरं चेन उघडी टाकून आतबाहेर करतात तेव्हा. रात्री उठायचं तर बॅटरी हातात आणि बूट पायात, आणि ते बूटही आत ठेवलेले, झटकून घेतलेले. गाडीतून उतरणाऱ्यालाही हाच नियम.

आपल्याकडे खरा त्रास जमीन देते. काळ्या रानात उन्हाळ्यात खुंटी आत जात नाही आणि पावसाळ्यात आत टिकत नाही. तंबूबरोबर तारेसारख्या खुंट्या येतात त्या घरीच ठेवा. वेल्डिंगवाल्याकडून १० एमएम सळईचे फूट-फूटभराचे तुकडे एका टोकाला वाकवून आणा. मुक्काम मुरमाड माळावर करा. काळ्या रानात रात्रीतून पाऊस झाला तर तंबू गुंडाळून चालत रस्त्यावर येता येतं. रुतलेल्या गाडीला मात्र ट्रॅक्टरवाला सांगेल तो भाव द्यावा लागतो.

गाडीत झोपणाऱ्यांनी काच दोन बोटं खाली ठेवायची, नाहीतर सकाळी काचांवरून आतल्या आत पाणी ओघळतं. इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही. एकदाही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. परभणीच्या थंडीत पारा आठ-दहावर येतो तेव्हा पत्र्याची गाडी तंबूपेक्षा उबदार असते, हा समजही सोडा. अंगाखालची मॅट चांगली असेल तर तंबूतच बरं. एप्रिल-मेमध्ये दोन्ही नको, घरच्या गच्चीवर बाज टाका.

आणखी एक. गौताळा अभयारण्य आहे, नाथसागरही पक्षी अभयारण्य आहे. वनखात्याला विचारल्याशिवाय तिथे रात्री तंबूही नाही आणि गाडीही नाही.

थोडक्यात, वाटेतली एखादी रात्र गाडीत, दोन-तीन रात्रींचा मुक्काम तंबूत. पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा दिंडीबरोबर ट्रकही असतो आणि राहुट्याही. सामान ट्रकमध्ये, माणसं राहुटीत. ट्रकला ओटा बसवावा असं फारसं कुणाच्या मनात येत नाही.

आता ती ९ लाखांची व्हॅन. सात वर्षांनी विकायला काढलीत तर ४ लाख आले तरी नशीब. म्हणजे वर्षाला ७० हजारांची घट. विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून आणखी ३५ हजार. वर्षाला लाखभर रुपये, आणि तुम्ही बाहेर झोपणार फार तर १२ रात्री. एका रात्रीचे साडेआठ-नऊ हजार झाले, डिझेल वेगळं. एवढ्या पैशात चौघांना बऱ्या हॉटेलात दोन खोल्या मिळतात आणि सकाळी कुणीतरी पोहेही आणून देतं.

‘भाड्याने देऊ’ हे तर मनातून काढूनच टाका. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही. दिलीत आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला आयतं कारण मिळतं. आतून काय-काय बसवलं त्याची आरटीओकडे नोंद लागते. कंपनीने बनवलेल्या गाडीत मनासारखे बदल करायला मोटार वाहन कायद्याची परवानगी नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. ९ लाखांत करून देणाऱ्याने आरसीवर नोंद करून देण्याबद्दल चकार शब्द काढला नसेल. विचारून बघा.

इथवर तुमचा प्रश्न संपला. पण हे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. ‘तीनच वर्षं भरायचंय, पुढे डबल’ हे वाचून मी तुमच्याकडे पॉलिसीचे कागद मागवले. तुम्ही पाठवलेले फोटो माझ्यासमोर आहेत. तुम्ही ज्याला योजना म्हणता ती आयुर्विमा पॉलिसी आहे. वर्षाला ८ लाख, आणि ‘प्रीमियम भरण्याची मुदत’ या रकान्यात १० वर्षं लिहिलंय. तीन नाही, दहा. एकूण ८० लाख. तुमचा वर्षाचा पगार साडेआठ लाख, हप्ता आठ लाख. चार हप्त्यांनंतर जमिनीचे पैसे संपतात. पाचवा कुठून भरणार होतात?

‘तीन वर्षं भरा आणि सोडून द्या’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की बँकेत ते छापूनच ठेवलेलं असावं. तीन वर्षांनी सोडून दिल्यावर काय होतं ते कुणी सांगत नाही. पॉलिसी पेड-अप होते, म्हणजे मिळणारी रक्कम दहातल्या तीन भागांवर येते. तुमच्या कागदांप्रमाणे दहाही वर्षं भरली तर बाराव्या वर्षाअखेरपासून दहा वर्षं दरसाल १५ लाख मिळणार. तीनच भरलीत तर दरसाल साडेचार लाखांच्या आसपास. २४ लाख घालून ४५ लाख, पण सरासरी पंधरा-साडेपंधरा वर्षांनी. परतावा चार टक्के.

आणि पूर्ण भरली तर? ८ चे १५, म्हणजे डबलला थोडं कमीच. भरलेला प्रत्येक रुपया सरासरी १२ वर्षांनी परत येतो. साडेपाच टक्क्यांच्या आतच. साहेब ‘डबल’ म्हणाले, किती वर्षांनी ते तुम्ही विचारलं नाहीत आणि त्यांनीही सांगितलं नाही. अशा पॉलिसीला ‘करमुक्त’ म्हणतात, तेही इथे खरं नाही. २०२३ च्या एप्रिलनंतर घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा हप्ता एकूण ५ लाखांवर गेला की मिळणाऱ्या नफ्यावर कर लागतो. पहिल्या हप्त्यातला मोठा वाटा विकणाऱ्याला जातो, एवढी एकच गोष्ट त्या कागदांत खात्रीची आहे.

कमी परतावा हा दुय्यम दोष. मला जास्त खटकलं ते वेगळंच आहे. जमीन अण्णांची होती. पॉलिसी तुमच्या आयुष्यावर, पैसे तुमच्या खात्यावर, व्हॅन तुमच्या हौसेची. अण्णांचं वय ७१ असं तुम्ही फोनवर सांगितलंत. त्या तीन एकरातलं सोयाबीन विकून त्यांच्या हातात चार पैसे यायचे, भाव पडलेला असला तरी यायचे. आता त्यांच्या हातात दर महिन्याला काय येतं? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. ‘आम्हीच बघतो सगळं’ असं तुम्ही म्हणाल, आणि बघतही असाल. पण शेतकरी माणसाला औषधाला, नातवाला दहा रुपये द्यायला, वारीला जायला मुलाकडे हात पसरावा लागणं निराळं.

शिवाय ते ३० लाख बचत खात्यावर अडीच-पावणेतीन टक्क्यांवर पडून आहेत. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ च्या एप्रिलपासून ८.२ टक्के मिळतात, पोस्टातही आणि बँकेतही, आणि त्यामागे सरकार उभं आहे. फरक साडेपाच टक्क्यांचा. ३० लाखांवर वर्षाला दीड लाखाहून जास्त. टपावरचा तो सव्वा लाखाचा तंबू तुम्ही गेल्या वर्षभरात नुसता पैसे पडू देऊन घालवलात.

म्हणून व्हॅन विसरा आणि पुढचं करा.

पहिलं काम, पॉलिसीच्या हप्त्यासाठी खात्याला लावलेलं ऑटो-डेबिट लेखी अर्ज देऊन बंद करा, बँकेतही आणि विमा कंपनीकडेही, पोच घेऊन. हप्त्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे, तेव्हा याच आठवड्यात. त्यानंतर सवलतीचे ३० दिवस मिळतात आणि तेवढे दिवस विमा चालू असतो. ते ३० दिवस संपायच्या आत स्वतःसाठी एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा विमा, घ्या. तुमच्या वयाला, व्यसन नसेल तर, वर्षाला २५ ते ३५ हजार. या पॉलिसीत ८० लाखांचं संरक्षण आहे, ते सुटायच्या आत दुसरं हातात हवं. क्रम उलटा करू नका.

मग तक्रार. चुकीची माहिती देऊन पॉलिसी विकली असं विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा आणि पूर्ण पैसे परत मागा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नाकारलं तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. मराठवाडा त्यांच्याकडेच येतो. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं ते घेतात, फी नाही, वकील लागत नाही. साहेबांनी ‘तीनच वर्षं’ असं व्हॉट्सॲपवर कुठे लिहिलं असेल तर ते जपून ठेवा. कंपनीचा पडताळणीचा फोन आला तेव्हा तुम्ही साहेबांच्या सांगण्यावरून सगळ्याला ‘हो’ म्हणालात. ते रेकॉर्डिंग तुमच्या विरोधात वाजवलं जाणार. तेव्हा जिंकू असं धरून हिशेब मांडू नका.

हरलात तर सरेंडर, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी बंद करून मिळेल ते परत घेणं. कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता आली असती, ती संधी गेली. पण २०२४ च्या ऑक्टोबरपासून नियम बदलल्याने पहिलं वर्ष पूर्ण झालं की काही रक्कम परत मिळते. पूर्वी एका हप्त्यावर काहीच हाती लागत नसे. माझ्या अंदाजाने ५ लाखांच्या आसपास, नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवा. म्हणजे ३ लाखांचा फटका. दुखेल. पण ते ३ लाख वाचवण्यासाठी आणखी ७२ लाख भरायचे, आणि तेही नसलेले, हा हिशेब कुठल्याच पाटीवर जुळत नाही.

खात्यावरच्या ३० लाखांपैकी २२ लाख अण्णांच्या खात्यावर वळते करा. मुलाने वडिलांना दिलेल्या पैशावर कर नाही. तिथून ज्येष्ठ नागरिक योजनेत, आईचं नाव जोडीला लावून. दर तिमाहीला ४५ हजार त्यांच्या खात्यावर येतील, महिन्याला १५ हजार पडले. एटीएम कार्ड त्यांच्याकडेच राहू द्या. ५ लाख मुलीच्या नावाने एफडीत. तिला अकरावी-बारावीला लातूरला ठेवायचं म्हणता, आणि क्लास, होस्टेल, मेसचा तुमचाच अंदाज तेवढा आहे. उरलेले ३ लाख अडीनडीला. पॉलिसीचे जे काही परत येतील तेही अण्णांकडेच. योजनेची मर्यादा ३० लाख आहे, बसतील. बारा-तेरा टक्के देतो म्हणणारी मल्टिस्टेट पतसंस्था कुणी सुचवली तर शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ठेवीदारांना विचारून या.

तंबूचे २५ हजार पगारातून काढा, दिवाळीपर्यंत सहज जमतील.

ऑटो-डेबिट बंद केल्याचं कळलं की साहेबांचा फोन येईलच. आधी हप्ता बुडवू नका म्हणतील, मग ही बंद करून दुसरी ‘याहून चांगली’ पॉलिसी देतो म्हणतील, किंवा हप्ता चार लाखांवर आणून देतो म्हणतील. जे सांगायचं ते ईमेलवर लिहून पाठवा, एवढंच म्हणा आणि फोन ठेवा.