पोलिश शिकायची तर मराठीच्या वाटेनं

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. सप्टेंबरात यजमानांच्या नोकरीमुळे सांगलीहून पोलंडमधल्या व्रोत्स्वाफला आलात, ऑफिस इंग्रजीत चालतं, मग ही अवघड पोलिश भाषा शिकायची कशाला? शाकाहारी माणसानं इथं खायचं काय? आणि शेजारच्या आजींनी २४ डिसेंबरला रात्री जेवायला बोलावलंय, तर न्यायचं काय, वागायचं कसं? मी याच शहरात सोळा वर्षं राहते, माहेर कोल्हापूरचं. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी भाषा. क्लासमध्ये पहिल्याच दिवशी सात विभक्त्या ऐकून तुम्ही वही मिटलीत. क्लास इंग्रजीतून असणार. माझाही तसाच होता आणि वर्षभर मला काहीही समजत नव्हतं. इंग्रजीतून शिकलं की पोलिशमधली प्रत्येक गोष्ट परकी वाटते, कारण इंग्रजीत ती नसतेच. आपल्याकडे मात्र त्यातलं बरंचसं आहे. पोलिशमध्ये विभक्त्या सात, आपण शाळेत आठ पाठ केल्या. तृतीया, षष्ठी, सप्तमी, संबोधन, सगळ्या ओळखीच्या. वही उघडा आणि समासात मराठी नावं लिहून टाका.

शहरांच्या नावांचंच बघा. शहर वार्षावा (वॉर्सा), पण ‘वार्षाव्यात’ म्हणायचं तर ‘व वार्षाव्ये’. क्राकुफचं होतं ‘फ क्राकोव्ये’, आपलं व्रोत्स्वाफ होतं ‘वे व्रोत्स्वाव्यू’. वर्गातले इतर लोक वैतागतात की गावाचं नावच कसं बदलतं. पण आपण साताऱ्याला ‘सातारात’ कधी म्हणतो का? सातारा, साताऱ्यात. पुणे, पुण्यात. कोल्हापूरमधला दीर्घ पू ‘कोल्हापुरात’ म्हणताना ऱ्हस्व होतो, तसाच क्राकुफमधला ‘कु’ क्राकोव्येत ‘को’ होतो. हे आपलं सामान्यरूप आहे, दुसरं काही नाही. देवाला हाक मारताना आपण ‘देवा’ म्हणतो, ते बुगला, म्हणजे देवाला, ‘बोझे’ म्हणतात.

लिंगं तीन: तेन, ता, तो. आपली तो, ती, ते. फक्त इथं एक खड्डा आहे. त्यांचा ‘तो’ म्हणजे आपलं ‘ते’, नपुंसकलिंग. खिडकी म्हणजे ‘तो ओक्नो’. हे महिनाभर चुकतं, मग बसतं. भूतकाळात बोलणारी बाई की पुरुष हे क्रियापदावरून कळतं. तुम्ही म्हणणार ‘पोष्वाम’, यजमान म्हणणार ‘पोषेद्वेम’. मी गेले, मी गेलो. आपल्याला यात समजावून सांगण्यासारखं काही उरत नाही.

सगळ्यांना रडवणारी गोष्ट म्हणजे क्रियापदांच्या जोड्या. ‘चितावाम’ आणि ‘प्षेचितावाम’ दोन्हींचा अर्थ ‘मी वाचलं’ असाच सांगतात आणि फरक विचारला की शिक्षक तक्ता काढतात. फरक असा: पहिलं म्हणजे पुस्तक वाचत होते, दुसरं म्हणजे वाचून काढलं. लिहिणं आणि लिहून काढणं, करणं आणि करून टाकणं. आपण जे मागे ‘काढणं’, ‘टाकणं’ लावून साधतो, ते त्यांनी बहुतेक वेळा क्रियापदाच्या सुरुवातीला अक्षरं जोडून साधलंय. हे मला ट्राममध्ये एकदम उमगलं आणि मी एक थांबा पुढे गेले.

उच्चारांतही आपण पुढेच आहोत. चोर आणि चहा यांतले दोन च आपण लहानपणापासून वेगळे बोलतो. चोरातला च म्हणजे त्यांचा एक साधा, रोजचा वर्ण. जागामधला ज आणि झाडातला झ तेही तसेच. श आणि ष हा भेद आपण बोलताना सोडून दिलाय, पण शाळेत कुणी पोटफोड्या ष जीभ मागे वळवून म्हणायला लावला असेल तर तो आठवा, इथं रोज लागतो. शब्दांत तर जुनं नातं दिसतं. द्वा, त्षी, च्तेरी म्हणजे दोन, तीन, चार. दिम म्हणजे धूम, म्यूत म्हणजे मध, ओग्येन म्हणजे अग्नी, व्दोवा म्हणजे विधवा, पीच म्हणजे पिणे. वाढदिवसाला ‘स्तो लात’ म्हणतात, शंभर वर्षं. तो ‘स्तो’ आणि आपल्या ‘जीवेत् शरदः शतम्’ मधलं शत एकाच मुळाचे.

सराव मात्र वर्गात होत नाही, बाजारात होतो. ओद्रा नदीजवळची हाला तार्गोवा, १९०८ सालची ती मोठी कमानींची मंडई, तिथं दर शनिवारी जा. संख्यांचा नियम तिथंच अंगवळणी पडतो. इथलं चलन झ्वोती. एक झ्वोती, दोन-तीन-चारला झ्वोते, पाचपासून झ्वोतिह. बारा झ्वोतिह, पण बावीस पुन्हा झ्वोते. गणित करत बसू नका. भाजीवाल्या बाई मोठ्यानं आकडा सांगतात, तुम्ही तोच तसाच परत म्हणा. मी सहा महिने बटाटे-टोमॅटो घेत हेच केलं.

आता वागण्याकडे येते. इथले लोक हसत नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. अनोळखी माणसाकडे बघून हसायची रीत इथं नाही, पण नमस्कार केल्याशिवाय आत यायचीही नाही. लिफ्टमध्ये शिरताना, छोट्या दुकानात, डॉक्टरकडे बाहेर बसलेल्या लोकांना, सगळीकडे ‘जेन दोब्री’ म्हणायचं आणि निघताना ‘दो विद्झेन्या’. मुकाट्यानं आत येऊन बसलेला माणूस त्यांना उद्धट वाटतो. पहिल्या वर्षी मी लाजून गप्प राहायचे, त्यामुळे माझ्याबद्दल काय मत झालं असेल ते मला फार उशिरा कळलं. तुम्ही उद्यापासून म्हणायला लागा.

मोठ्यांना, अनोळखींना थेट ‘तू’ म्हणायचं नाही. पुरुषाला पान, बाईला पानी, आणि क्रियापद तृतीयपुरुषी. ‘पानींना चहा हवा का?’ असं समोरच्या बाईंनाच विचारायचं. आपल्याकडे ‘साहेबांचं जेवण झालं का?’ साहेबांनाच विचारतात, तसंच. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर यायचं तर पुढाकार वयानं मोठ्या माणसानं घ्यायचा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या पानींनी चौथ्या वर्षी एके दिवशी जिन्यात थांबून, पिशवी खाली ठेवून मला त्यांचं नाव सांगितलं आणि नावानं हाक मारायला सांगितलं. घरी येऊन मी रडले होते.

दोन शब्द जपून वापरा. ‘नो’ म्हणजे बोलण्यात ‘हो’, ‘हं’. फोनवर कुणी ‘नो, नो, नो’ म्हणत असेल तर ते तुमच्याशी सहमत आहेत. आणि ‘जेन्कुये’, म्हणजे धन्यवाद. हॉटेलात बिलाची नोट देताना हे म्हणालात तर ‘उरलेले तुम्हीच ठेवा’ असा अर्थ होतो. सुटे पैसे हवे असतील तर नोट देताना ‘प्रोषे’, म्हणजे ‘कृपया’, म्हणा, सुटे हातात आले की मग जेन्कुये. जेवताना वाढायला आलेल्याला नुसतं जेन्कुये म्हणालं तर तो ‘नको’ समजून पुढे जातो.

खाण्याचं. उपाशी राहणार नाही, खात्री बाळगा. शहरात बार म्लेच्नी शोधा. नाव दुधाचं, पण ही साधी, स्वस्त खानावळ. कम्युनिस्ट काळात सरकारी अनुदानावर घट्ट रुजली, अजूनही अनुदान मिळतं. पानावर गोड त्वारुग (छेन्यासारखं ताजं चीज) भरलेले नालेश्निकी, म्हणजे पातळ धिरडी, किसलेल्या बटाट्याचे तळलेले प्लात्स्की, बटाट्याच्या पिठाचे उकडलेले तुकडे म्हणजे कोपित्का आणि प्येरोगी रुस्क्ये. प्येरोगी म्हणजे उकडलेली करंजीच, कडा तशीच दाबलेली, आत बटाटा, त्वारुग, परतलेला कांदा. ‘रुस्क्ये’ म्हणजे रशियन नव्हे, रुथेनियाचे, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनकडचे. २०२२ नंतर काही ठिकाणी पाटीवर ‘युक्रेनी’ असं नावही दिसेल. मागताना एक सांगायचंच: ‘बेझ स्क्वारेक’. नाहीतर वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे येतात. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण सूपमधला मांसाचा अर्क आणि तळणीची चरबी यांना बरेच जण मांस धरत नाहीत. मासे नकोत हेही वेगळं सांगा.

घरी स्वयंपाकाला दुकानातली माश्लान्का आणा, ते ताकच आहे, कढी सुरेख होते. त्वारुग पनीरसारखा तळता येत नाही, फुटतो. तो कुस्करून मीठ, मुळा, कांद्याची पात घालून गरम बटाट्याबरोबर खातात, त्यात हिरवी मिरची घातली की आपलंच काहीतरी होतं. काकडीची बरणी घेताना ‘किषोने’ बघून घ्या, ती मिठाच्या पाण्यात आंबवलेली. दुसरी व्हिनेगरची, तिला ती चव नाही.

आणि झुरेक. हे सूप हॉटेलात मागू नका, त्यात सॉसेज असतं. पण घरी जरूर करा. राईचं पीठ कोमट पाण्यात कालवून, लसूण, तमालपत्र घालून बरणीवर फडकं बांधायचं आणि चार-पाच दिवस ओट्यावर ठेवायचं. याला झाक्वास म्हणतात. खालच्या मजल्यावरच्या त्याच पानींनी मला पहिल्यांदा ती बरणी दाखवली, फडकं सोडलं आणि वास घ्यायला सांगितलं. नाक जवळ नेलं आणि मी आजीच्या स्वयंपाकघरात उभी होते. उन्हाळ्यात ती नाचणीचं पीठ रात्रभर भिजवून आंबील करायची, तोच आंबूस, किंचित गोडसर वास. तोडक्या पोलिशमध्ये मी आंबील समजावून सांगितली, त्यांनी पूर्ण ऐकून घेतली आणि पुढच्या खेपेला घरून नाचणीचं पीठ आणायला सांगितलं. आणलं. त्यांनी आंबील पेल्यातून प्यायली, वरून थोडा मार्जोरम, म्हणजे एक सुवासिक पाला, घालून.

चहाचं आधीच सांगून ठेवते. इथं चहा कोरा, लिंबू घातलेला. दुधाचा चहा मागितलात तर बायका तुमच्याकडे फार मायेनं बघतील, कारण दूध घातलेला चहा, बावार्का, बाळंतिणीला दूध यावं म्हणून देतात असा जुना समज आहे. मला तर पानींनी पाठीमागे उशीच आणून दिली होती.

आता २४ डिसेंबर. या रात्रीला विगिल्या म्हणतात आणि वर्षातलं सगळ्यांत मोठं जेवण तेच. परक्या माणसाला त्या पंगतीला बोलावणं ही साधी गोष्ट नाही, टाळू नका. शाकाहारी माणसाला तर ही रात्र सोपी, कारण उपवासाचं जेवण असतं, मांस चालतच नाही. मासे असतात, कार्प आणि हेरिंग, ते सोडायचे. बाकी बार्ष्च, म्हणजे बीटचं सूप, त्यात आळंबी भरलेल्या इवल्याशा करंज्या, उष्का, कोबी-आळंबीचे प्येरोगी, खसखशीची गुंडाळी, सुक्या फळांचं पेय. पदार्थ बारा आणि प्रत्येकातला घासभर तरी चाखायचा अशी रीत आहे. अंडं चालत नसेल तर आधी सांगून ठेवा, पिठात असू शकतं.

कदाचित कुत्या मिळेल. अख्खे गहू शिजवून त्यात खसखस, मध, अक्रोड. पहिला घास घेतला की आपली गव्हाची खीर आठवेल. ही पूर्वेकडची रीत व्रोत्स्वाफमध्ये बऱ्याच घरांत का आहे, त्याला कारण आहे. १९४५ पर्यंत हे जर्मन शहर होतं. महायुद्धानंतर जर्मनांना जावं लागलं आणि सीमा सरकल्यामुळे ल्वुफकडची, आज युक्रेनमध्ये असलेल्या भागातली, असंख्य पोलिश कुटुंबं इथं आली. तुमच्या शेजारच्या आजींचं घरही बहुधा कुठून तरी उठून आलेलं असेल. विचारा, त्यांना सांगायला आवडतं.

आणि तुम्हीही सांगा. कोल्हापूर-मिरज रेल्वेवर, तुमच्या सांगलीच्या वाटेवरच, वळिवडे आहे. सोव्हिएत हद्दीत हद्दपार झालेल्या आणि तिथून सुटून आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी १९४३ ते १९४८ तिथं होती. बहुतेक बायका आणि मुलं. शाळा होत्या, चर्च होतं. त्याच जागी पुढे सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं, जिथं आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो. मी हे पहिल्या विगिल्येला मोडक्यातोडक्या वाक्यांत सांगितलं, तेव्हा पानींच्या भावांनी चमचा खाली ठेवला आणि कोल्हापूरचा नकाशा काढून मागितला. हातरुमालावर बोटानं पंचगंगा दाखवली मी.

त्या रात्रीचा क्रम असा. पहिली चांदणी दिसल्यावर बसतात, तुमच्या मुलीला खिडकीशी उभं करा, ते काम मुलांचं. टेबलक्लॉथखाली मूठभर गवत असतं, एक ताट रिकामं असतं, अचानक येणाऱ्या पाहुण्यासाठी. ‘गोश्च व्दोम, बुक व्दोम’, पाहुणा घरी आला की देव घरी आला, ही त्यांची म्हण. जेवणाआधी ओप्वातेक नावाची पातळ पांढरी पापडी हातात देतात. प्रत्येकाजवळ जाऊन त्याच्या पापडीचा तुकडा मोडायचा, त्याला आपला मोडू द्यायचा आणि शुभेच्छा द्यायच्या. तिळगुळासारखं समजा, फक्त शुभेच्छा त्या माणसापुरत्या असतात: गुडघा बरा होवो, नातू परीक्षेत पास होवो. तेव्हा आजींची एखादी गोष्ट आधी माहीत करून घ्या आणि ते एक वाक्य पोलिशमध्ये पाठ करून जा.

न्यायला फुलं उत्तम, पण विषम संख्येत, पाच किंवा सात. सम संख्या अंत्यविधीला. शेवंती नको, ती १ नोव्हेंबरला थडग्यांवर वाहतात. कागद काढून फुलं द्या. सोबत घरच्या करंज्या न्या, कडा बघून त्या लगेच ओळखतील. चपला-बूट आपल्यासारखेच दारात काढायचे, घरात घालायला काप्चे देतील. आणि दार उघडल्यावर उंबरठ्यावरून हात पुढे करू नका, ते अशुभ मानतात. आधी आत पाऊल टाका, मग हात द्या.