तक्रारीचा क्रमांक आधी लिहून घ्या

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे मोबाइलच्या रिचार्जविषयी आणि संगणकाच्या पडद्यावर झळकणाऱ्या 'अपग्रेड करा' या सूचनेविषयी आहेत. विषय वरवर वेगळे दिसले, तरी अडचणीचे मूळ एकच आहे : समोरचा घाई करतो, आणि आपण काय स्वीकारत आहोत हे न विचारताच ग्राहक होकार देऊन बसतो. नागपुरातील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या आणि तिसऱ्या पत्रातील प्रश्न अनेक घरांतला असल्याने त्यांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : माझ्या आईचे वय 76 आहे. तिच्याकडे साधा बटणांचा फोन आहे आणि नातेवाइकांशी बोलण्यापलीकडे ती त्याचा काहीही उपयोग करत नाही. तरीही दर 28 दिवसांनी रोजच्या डेटासह रिचार्ज करावे लागते. बर्डीवरचा दुकानदार म्हणतो, "काकू, याच्याशिवाय दुसरा प्लॅनच नाही." त्यातच मागच्या महिन्यात न मागितलेल्या कॉलर ट्यूनचे पैसे दोनदा कापले गेले. ग्राहक सेवा केंद्रात फोन केला, तर "बघतो" एवढेच उत्तर मिळाले. काय करावे?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : दुकानदाराने तुम्हाला अपुरी माहिती दिली आहे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर 2024 मध्ये नियमांत दुरुस्ती करून प्रत्येक कंपनीला केवळ कॉल आणि एसएमएस यांसाठीचे किमान एक विशेष व्हाउचर, म्हणजे रिचार्ज, ठेवणे बंधनकारक केले. अशा व्हाउचरची मुदत पूर्वी जास्तीत जास्त 90 दिवस असे, ती मर्यादा त्याच दुरुस्तीने 365 दिवसांपर्यंत वाढवण्यात आली. जानेवारी 2025 मध्ये कंपन्यांनी डेटाविरहित प्लॅन बाजारात आणलेही. ते दुकानातील फलकावर ठळकपणे दिसतीलच असे नाही, म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर स्वतः शोधावेत, आणि दुकानात "दुसरे काही आहे का?" असे मोघम न विचारता "डेटा नसलेले, फक्त बोलण्याचे व्हाउचर द्या" असे स्पष्ट मागावे.

मात्र किंमत किती असावी हे ट्राय ठरवत नाही, ते कंपन्यांवर सोडलेले आहे. त्यामुळे डेटा वगळला म्हणून दर निम्म्यावर येईल अशी अपेक्षा ठेवू नये. प्लॅनची किंमत त्याच्या दिवसांनी भागावी आणि एका दिवसाला किती पडतात ते पाहावे. तुलना करण्याचा एवढाच खात्रीचा मार्ग आहे. 28 दिवसांच्या हिशेबाने वर्षात बारा नव्हे, तर तेरा रिचार्ज होतात, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. 30 दिवसांचा एक आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेला नव्याने सुरू होणारा एक, असे पर्याय प्रत्येक कंपनीने ठेवावेत, असा आदेश ट्रायने जानेवारी 2022 मध्येच दिलेला आहे. तोही विचारून पाहावा.

आता कॉलर ट्यूनविषयी. अशी मूल्यवर्धित सेवा सुरू करण्यापूर्वी कंपनीने ग्राहकाची संमती दोनदा घेतली पाहिजे, असा नियम आहे. वृद्ध माणसांच्या हातून मात्र संदेश उघडताना किंवा फोन कानाला लावताना एखादे बटण दाबले जाते आणि तीच संमती मानली जाते. ही सेवा बंद करण्यासाठी 155223 हा निःशुल्क क्रमांक सर्व कंपन्यांसाठी एकच आहे. आईच्याच फोनवरून तो लावावा आणि कोणकोणत्या सेवा चालू आहेत ते विचारून नको त्या बंद कराव्यात.

कापलेले पैसे परत मिळवण्यासाठी पुन्हा ग्राहक सेवा केंद्रात फोन करावा लागेल. पण या वेळी तक्रारीचा नोंद क्रमांक मिळेपर्यंत फोन ठेवू नये. त्या क्रमांकाला कंपनीचे कर्मचारी 'डॉकेट नंबर' म्हणतात, आणि तो देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. हा क्रमांक नसेल, तर तुम्ही तक्रार केली होती याला पुढे काहीच आधार राहत नाही. माझ्या वडिलांच्या फोनबाबत मीच ही चूक केली होती. तीन वेळा तक्रार केली, तिन्ही वेळा गोड शब्दांत आश्वासन मिळाले, आणि चौथ्या वेळी "आमच्याकडे तुमची कोणतीही नोंद नाही" असे ऐकावे लागले. त्या दिवसापासून आमच्या घरी फोनशेजारी एक वही असते, आणि तारीख, वेळ व नोंद क्रमांक तिच्यात लिहिल्याशिवाय तक्रार झाली असे आम्ही मानत नाही.

तक्रारीचे निवारण झाले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. या अपिलासाठी कोणतेही शुल्क नाही आणि त्याचा निकाल 39 दिवसांत लागला पाहिजे. काही वाचक थेट ट्रायला पत्र लिहितात. ट्राय वैयक्तिक तक्रारींवर निर्णय देत नाही, त्यामुळे त्या वाटेने वेळच जातो. अपिलानेही समाधान झाले नाही, तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 मधील एका निकालाच्या आधारे दूरसंचार कंपन्या वर्षानुवर्षे सांगत असत की, टेलिग्राफ कायद्यात लवादाची सोय असल्यामुळे ग्राहक मंच अशा तक्रारी ऐकू शकत नाहीत. 16 फेब्रुवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही हरकत फेटाळून ग्राहक आयोगांचा अधिकार मान्य केला. त्यामुळे "आमच्याविरुद्ध तिथे जाता येत नाही" असे कोणी ऐकवले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार, कंपनीचे मुख्यालय कोठेही असले तरी, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नागपूरच्या जिल्हा आयोगातच, तक्रार दाखल करता येते. सेवेचा मोबदला म्हणून तुम्ही कंपनीला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, वकील देणे सक्तीचे नाही आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. छोट्या रकमेचा प्रश्न पुष्कळदा तेवढ्यावरही सुटतो.

रक्कम लहान आहे म्हणून सोडून द्यावे, असे तुम्हाला कोणी सांगेल. मला ते पटत नाही. आईच्या खात्यातून न विचारता कापलेले पैसे परत मागणे हा तिच्या मानाचाही प्रश्न आहे.

प्रश्न : मी बारा वर्षे ठाण्यात नोकरी करून नागपूरला परतलो आहे. बेसा भागातील नव्या घरात माझ्या कंपनीची रेंज अजिबात मिळत नाही. ठाण्यात घेतलेला क्रमांक तोच ठेवून येथे कंपनी बदलता येईल का?
— एक वाचक, बेसा

उत्तर : येईल. मुंबई, ठाणे हा दूरसंचाराचा एक स्वतंत्र परिमंडल, म्हणजे सेवेसाठी आखलेला विभाग, आहे आणि नागपूर महाराष्ट्र व गोवा परिमंडलात येते. परंतु 3 जुलै 2015 पासून क्रमांक देशभर कोठेही नेता येतो. 'पोर्ट' हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढे आपला क्रमांक लिहून 1900 वर संदेश पाठवावा. उत्तरात येणारा आठ अक्षरांचा कोड चार दिवसच चालतो, म्हणून तो घेऊन लगेच नव्या कंपनीच्या केंद्रात जावे. परिमंडल बदलत असल्याने तीनऐवजी पाच कामकाजाचे दिवस लागतील. सध्याच्या कंपनीत 90 दिवस पूर्ण झालेले असावेत, पोस्टपेडचे बिल थकलेले नसावे, आणि हरवलेल्या सिमच्या जागी नुकतेच नवे सिम घेतले असेल तर सात दिवस थांबावे लागते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेला हा नियम फसवणूक रोखण्यासाठी आहे. प्रीपेड खात्यातील उरलेले पैसे मात्र नव्या कंपनीकडे जात नाहीत, म्हणून ते आधी वापरून टाकावेत.

घाई करू नये, एवढीच विनंती आहे. शेजाऱ्यांचे फोन आपल्या घराच्या आतल्या खोलीत नेऊन पाहावेत, आणि कंपन्यांना संकेतस्थळावर सेवाक्षेत्राचे जे नकाशे द्यावे लागतात तेही पाहावेत. नव्या वस्तीत गच्चीवर भरपूर रेंज आणि स्वयंपाकघरात शून्य, असा अनुभव नेहमी येतो. एकदा बदल केला की पुढचे 90 दिवस पुन्हा बदलता येत नाही.

प्रश्न : महाल भागात माझे लग्नपत्रिका आणि पावती पुस्तके छापून देण्याचे लहानसे दुकान आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वीचा संगणक असून त्यावर विंडोज 10 आहे. जुनी सगळी कामे पेजमेकर या पाने मांडण्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये आणि डाँगल (परवान्यासाठी संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) लावून चालणाऱ्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये केलेली आहेत. आता विंडोजची मदत संपली असा संदेश येतो. दुरुस्तीवाला म्हणतो, "भाऊ, हा संगणक काढून टाका, नाहीतर फॉरमॅट मारून विंडोज 11 टाकून देतो." दोन्हींपैकी काय करावे?
— एक दुकानदार, महाल

उत्तर : आजच्या आज दोन्हींपैकी काहीही करू नये. विंडोज 10 साठीची नियमित सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली, हे खरे आहे. परंतु त्यामुळे संगणक बंद पडत नाही. नव्याने सापडणाऱ्या त्रुटी दुरुस्त होणे तेवढे थांबते. घरगुती वापरासाठीच्या संगणकांना मायक्रोसॉफ्टने 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट देऊ केली आहेत. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवल्यास त्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत. सेटिंग्जमधील विंडोज अपडेटच्या पानावर ही नोंदणी दिसते.

दुसरे, तुमचा संगणक विंडोज 11 ला चालत नाही, हे दुरुस्तीवाल्याच्या शब्दावर मान्य करू नये. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे निःशुल्क साधन चालवून पाहावे. 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा, सिक्युअर बूट, टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि मान्य यादीतील प्रोसेसर, या विंडोज 11 च्या मुख्य अटी आहेत. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. पुष्कळ संगणकांत टीपीएम असते, परंतु बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूलभूत सेटिंग्जमध्ये, ते बंद ठेवलेले असते. इंटेलच्या यंत्रात ते 'पीटीटी' आणि एएमडीच्या यंत्रात 'एफटीपीएम' या नावाने आढळते. चालू केले की अडसर दूर होतो. प्रोसेसरच जुना असेल, तर मात्र हा मार्ग बंद आहे. अटींना बगल देऊन विंडोज 11 बसवून देणारे लोक आहेत, परंतु अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि तुमच्या पोटापाण्याच्या यंत्रावर असा प्रयोग होऊ नये.

खरी काळजी तुमच्या जुन्या कामाची आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, नसतो. तो प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेला असतो, आणि तो फॉन्ट संगणकात नसला तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. मजकूर नाहीसा झालेला नसतो, पण वाचता येत नाही. म्हणून फॉरमॅटचा, म्हणजे डिस्क पूर्ण पुसण्याचा, विचार करण्यापूर्वी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधील सर्व मराठी फॉन्ट, फॉन्टच्या प्रणालीची मूळ सीडी आणि कामाच्या फाइल्स दोन वेगवेगळ्या ठिकाणी, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक अन्यत्र, उतरवून ठेवाव्यात. महत्त्वाच्या पत्रिकांच्या पीडीएफही करून ठेवाव्यात. त्यात फॉन्ट समाविष्ट केला की कोणत्याही संगणकावर ती तशीच दिसते.

डाँगलचा प्रश्न याहून कठीण आहे. विंडोज 32 बिट (जुनी) आणि 64 बिट (नवी) अशा दोन प्रकारांत असते. विंडोज 11 केवळ 64 बिटमध्ये मिळते, आणि 32 बिटसाठी लिहिलेला डाँगलचा ड्रायव्हर, म्हणजे डाँगल चालवणारा प्रोग्राम, त्यावर चालत नाही. म्हणून फॉन्टच्या कंपनीकडे नव्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर आहे का, हे लेखी विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत आहे ती व्यवस्था मोडू नये. तुमचे सध्याचे विंडोज 10 हे 32 बिटचे असेल, तर त्यावरून विंडोज 11 वर सरळ जाताच येत नाही, सर्व नव्याने बसवावे लागते.

तुमच्या जागी मी असते, तर जुना संगणक इंटरनेटपासून पूर्ण तोडून केवळ पेजमेकरसाठी ठेवला असता, आणि ग्राहकांचे ईमेल, बँकेचे व्यवहार व नवे युनिकोडमधील काम यांसाठी परवडेल तेव्हा दुसरे यंत्र घेतले असते. जोडणी तोडलेल्या यंत्राला सुरक्षा अपडेट नसण्याचा धोका फारच कमी असतो, फक्त पेन ड्राइव्ह लावताना जपावे लागते. नव्या यंत्रावर 'मंगल' फॉन्ट दिसला नाही, तर तो गेला असे समजू नये. विंडोजच्या ऐच्छिक सुविधांत देवनागरीचे पूरक फॉन्ट असतात, तेथून तो घेता येतो.

जुन्या यंत्रावरच अपग्रेड केले, तर पहिल्या दहा दिवसांत सर्व कामे उघडून आणि छापून पाहावीत. तेवढ्याच मुदतीत सेटिंग्जमधून विंडोज 10 वर परत जाता येते, आणि फॉरमॅट मारल्यास ती सोय मिळत नाही. लग्नसराईच्या तोंडावर मात्र हे काम काढू नये.

प्रश्न : रात्री लॅपटॉपवर अपडेट झाले आणि सकाळपासून तो निळ्या पडद्यावर 48 अंकी क्रमांक मागतो आहे. मी कोणताही क्रमांक ठरवला नव्हता. दुकानदार फॉरमॅट करायला सांगतो. त्यात नातीचे सगळे फोटो आहेत.
— एक निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर

उत्तर : बाई, फॉरमॅटला आज होकार देऊ नका. हा बिटलॉकरचा, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीचा, पुनर्प्राप्ती क्रमांक आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॅपटॉप सुरू केलेला असला, की अनेक यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची किल्ली, म्हणजे हाच क्रमांक, त्याच खात्यात जपली जाते. मोठे अपडेट झाल्यावर किंवा बायोसमध्ये बदल केल्यावर यंत्र ती मागू शकते. लॅपटॉप घेतला तेव्हा तो कोणी सुरू करून दिला, हे आठवा. मुलाने किंवा सुनेने दिला असेल, तर किल्ली त्यांच्या खात्यात असण्याची शक्यता अधिक आहे. मोबाइलवरून त्या खात्यात प्रवेश केला, की उपकरणांच्या यादीत ती दिसते. पडद्यावर 'की आयडी' दिलेला असतो, त्याची पहिली आठ अक्षरे जुळवून योग्य क्रमांक निवडावा. किल्ली खरोखर कोठेच नसेल, तर ती डिस्क मायक्रोसॉफ्टलाही उघडता येत नाही. म्हणून घरातील प्रत्येकाचे जुने ईमेल खाते तपासून झाल्याशिवाय लॅपटॉप दुकानात देऊ नका. तो उघडला की तो 48 अंकी क्रमांक कागदावर लिहून बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवा, आणि फोटो त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर उतरवा.