'थथू लवाश' म्हणजे आंबट रोटी का?

प्रश्न असा आलाय की आर्मेनियात येरेवानला मेडिकलला असलेला भाचा सुट्टीत घरी येताना तिकडचा खाऊ घेऊन आला, त्यात एक गडद लाल, चिवट गुंडाळी आहे आणि पाकिटावर 'त्तू लवाश' असं काहीतरी छापलंय; सोबत सुजुख नावाचाही एक प्रकार आहे. नेटवर बघितलं तर लवाश म्हणजे आर्मेनियन रोटी, पण ह्यात पीठ औषधालाही नाही, नुसतं आंबट. मग ही रोटी कशी, आणि मराठीत 'आंबट रोटी' म्हटलं तर चालेल का?

नका म्हणू! आपल्याकडे शब्द तयार आहे, पोळी. आंबापोळी, फणसपोळीतली पोळी. आलुबुखार किंवा जर्दाळूसारख्या फळांचा शिजवलेला गर पातळ पसरायचा, उन्हात वाळवायचा आणि सोलून गुंडाळी करायची, म्हणजे तूप लावलेल्या ताटात आमरस ओतून गच्चीवर ठेवतात तोच प्रकार. कोकणात ह्याला साठंही म्हणतात, पण इथे पोळी हाच शब्द घ्या, कारण आर्मेनियन लोकांनीही अगदी हेच केलंय, रोजच्या भाकरी-पोळीचं नाव उचलून फळाच्या वाळवणाला दिलंय. थथू म्हणजे आंबट, बस.

आता लवाशच का, तर खरा लवाश कसा करतात ते बघा. कणीक कागदासारखी पातळ लाटायची, मग बताट नावाच्या लांबट गोल उशीवर ताणून बसवायची आणि उशीसकट हात तोनिरमध्ये घालून आतल्या तापलेल्या भिंतीवर थापायची (तोनिर आणि आपला तंदूर एकाच घराण्यातले शब्द आहेत, भट्टीसुद्धा तशीच मातीची, बरेचदा जमिनीत पुरलेली). अर्ध्या ते एका मिनिटात सुटते. एकटीचं काम नाही, बायका मिळून ढिगाने करतात, वाळवून ठेवली तर सहा महिने टिकते, खाताना पाणी शिंपडलं की पुन्हा मऊ. म्हणजे पातळ, पसरट, वाळवून साठवायची आणि गुंडाळता येणारी वस्तू म्हटली की तिथल्या माणसाच्या डोळ्यापुढे लवाशच येणार ना. इराणात तर ह्याच फळपोळीला लवाशक म्हणतात, शेवटचा 'अक' हा फारसीत लहानपणा दाखवणारा प्रत्यय, म्हणजे छोटा लवाश. हिंदीवाले पापडावर गेले, आमपापड. बंगाल्यांनी मात्र आकार सोडून अर्क पकडला, आमसत्त्व.

मला ह्यात गंमत वाटते ती आपल्या समासाची. पुरणपोळीत पुरण आत भरलेलं असतं, गुळपोळीतही गूळ आत आणि कणीक बाहेर, पण आंबापोळीत आंबा कशात भरलेला नाही, आख्खी पोळीच आंब्याची आहे. दोन्हीकडे बांधणी सेम, नाव अधिक पोळी, पण नातं वेगळं आणि आपण हे न शिकता बरोबर ओळखतो. संस्कृत पोलिकेपासून आलेला शब्द हा, म्हणजे मुळात पिठाचाच, पण आंब्यापर्यंत पोचेपर्यंत पीठ गळलं आणि पातळपणा तेवढा उरला. लवाशचंही तेच झालंय. 'रोटी' शब्दाला मराठीत ही सवय नाही, म्हणून आंबट रोटी ऐकलं की पीठ आंबलंय असं वाटतं.

उच्चाराचं पण सांगतो, पाकिटावरच्या रोमन स्पेलिंगवर जाऊ नका. येरेवानच्या आर्मेनियनमध्ये त, थ, द ही तीन वेगळी अक्षरं आहेत आणि ह्या शब्दात दोन्ही थ आहेत. रोमनमध्ये थ दाखवायला टी पुढे वर टिंबासारखं चिन्ह टाकतात, ते छपाईत उडालं की तुमचं त्तू होतं. दोन थ च्या मध्ये लिहिताना स्वर नसतो पण बोलताना हलकासा अ येतो. देवनागरीत सरळ थथू लिहा.

लवाश हा शब्द मूळचा कुणाचा ह्यावर भांडणं आहेत, त्यात मी पडत नाही. युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत 2014 ला आर्मेनियाचा लवाश गेला, मग 2016 ला अझरबैजान, इराण, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि तुर्कस्तान ह्यांनी मिळून पातळ रोट्यांची वेगळी नोंद केली त्यातही लवाश आहेच. 'लव' म्हणजे आर्मेनियनमध्ये चांगलं आणि त्यावरून लवाश, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण मी तरी तिच्यावर भार टाकणार नाही.

तर घरात सांगताना प्लमपोळी किंवा जर्दाळूपोळी म्हणा, जे फळ असेल ते. तुकडा गरम पाण्यात विरघळवून रश्श्याला आंबटपणा आणायलाही वापरता येतो, शेजारच्या जॉर्जियात त्यांची अशीच पोळी, त्क्लापी, खारचो नावाच्या सूपमध्ये घालतात.

आणि त्याच खाऊत सुजुख आहे म्हणालात, तो मात्र तोंडात टाकण्याआधी नीट बघून घ्या. सुजुख हे तुर्की वळणाचं नाव मुळात मसालेदार सॉसेजचं, बहुतेकदा बीफचं. दोऱ्यात अक्रोड ओवून द्राक्षाच्या आटवलेल्या घट्ट रसात बुडवून वाळवतात ती मिठाई दिसायला तशीच लांबुळकी, म्हणून तिलाही तेच नाव, फक्त आधी 'गोड' लावतात. तिचं दुसरं नाव शारोत्स, शार म्हणजे ओळ, त्यात घोटाळा नाही. तुमच्याकडे शाकाहारी मंडळी असतील तर भाच्याला फोन करून दोऱ्यातला आहे का एवढं विचारा, किंवा कापून बघा, मधे अक्रोड दिसला की खुशाल खा.