शिफारस कुणाची?

चि. पोरी, आशीर्वाद.

दुसऱ्या प्रकरणाचा मसुदा वाचला, सोबतचं रडगाणंही. ‘सर, चार महिने झाले, गेन्रोंची नेमणूक कोणत्या कायद्याने व्हायची तेच सापडत नाही.’ अगं, सापडणार कुठून? तो नाहीच. गेन्रो म्हणजे जपानच्या सम्राटाचे ज्येष्ठ सल्लागार, पण तिथल्या १८८९च्या मेजी राज्यघटनेत हा शब्दसुद्धा नाही. काहींना सम्राटाकडून सन्मानाचं आज्ञापत्र मिळालं, कागद काय तो तेवढाच. तू पद शोधत बसलीस. पद शोधू नकोस, शिफारस कुणाची ते शोध.

मंत्रिमंडळ पडलं की सम्राट या म्हाताऱ्यांना विचारायचा. ते नाव सांगायचे आणि तो माणूस पंतप्रधान व्हायचा. इतो, यामागाता, मात्सुकाता, इनोउए, ओयामा... बहुतेक सगळे सात्सुमा आणि चोशू या दोन जुन्या संस्थानांतले, शोगुनशाही उलथवलेले. घटना घडवण्यात इतोचा हात सगळ्यात मोठा. तिच्यात पंतप्रधान कुणी निवडायचा हे लिहिलेलं नाही. विसरले असतील असं मला वाटत नाही.

(बारभाईंशी केलेली तुलना काढून टाक. बारभाईंनी कारभार उघड हाती घेतला होता. मराठी वाचकाला जवळचं वाटावं म्हणून ओढूनताणून आणलेली ती उपमा आहे, आणि तुला ते ठाऊक आहे.)

१९१२ची हकीकत तू दोन ओळींत उरकलीस, तिथे मला राग आला. सगळं प्रकरण तिथेच आहे. लष्कराला दोन नव्या डिव्हिजन हव्या होत्या, पंतप्रधान सायोन्जी म्हणाला खर्च परवडत नाही. लष्करमंत्री उएहाराने राजीनामा नेऊन थेट सम्राटाला दिला. दुसरा मंत्री द्यायला लष्कर तयार होईना, आणि सेवेतल्या जनरलशिवाय कुणी लष्करमंत्री होऊ शकत नव्हता, कारण तसा नियम १९०० साली झाला होता. कुणाच्या सरकारने केला होता? यामागाताच्या. सायोन्जी गेला. गेन्रोंच्या बैठकांवर बैठका झाल्या आणि नाव निघालं चोशूच्याच कात्सुराचं. लोकांनी संसदेला वेढा घातला, सरकारधार्जिण्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्या पेटवल्या, दोन महिन्यांत कात्सुरा पायउतार झाला. यामागाताला कुणी जाब विचारला? संसदेत त्याला उभं करायचं तरी कोणत्या नात्याने? १९२२ साली मरेपर्यंत त्याचा शब्द चालला. म्हणून सांगतो, राजीनामा कुणी दिला हे टिपून थांबू नकोस. शिफारस कुणाची होती ते शोध.

आता तुझा खरा प्रश्न. सायोन्जी भित्रा होता का?

पुढे सायोन्जी स्वतःच गेन्रो झाला. मात्सुकाता १९२४ साली गेला आणि गेन्रोंपैकी सायोन्जी एकटा उरला. ओकित्सुच्या समुद्रकाठच्या घरी राहायचा. सरकार पडलं की दरबाराचा निरोप यायचा, म्हातारा तोक्योला जायचा. मे १९३२मध्ये नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाईंना त्यांच्या निवासस्थानी गोळ्या घातल्या. इनुकाईंच्या सेइयुकाई पक्षाकडे कनिष्ठ सभागृहात भक्कम बहुमत होतं. सायोन्जी स्वतः कधीकाळी त्या पक्षाचा अध्यक्ष होता. काही दिवस त्याने तोक्योत एकेकाला बोलावून विचारलं आणि नाव सांगितलं अॅडमिरल साइतोचं. पक्षाच्या नेत्याने पंतप्रधान व्हायची रीत तिथे तुटली ती महायुद्ध संपेपर्यंत. १९१२ साली ज्याला लष्कराने घालवलं, त्याच माणसाने हे नाव दिलं.

तू फटकन ‘भित्रा’ लिहून मोकळी झालीस. ८२ वर्षांचा माणूस, भोवती पिस्तुलं, त्यातल्या त्यात मवाळ नाव निवडतो. तुझ्या वयात मीही असंच लिहिलं असतं.

पत्राच्या शेवटी तू सहज विचारल्यासारखं विचारलंयस की निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी विभागातल्या नेमणुकीआधी सगळे तुम्हालाच का विचारतात? सहज नाही ते, कळतं मला. माझंच वाक्य माझ्यावर उलटवलंस. चांगलं केलंस, पण ऐक. मी कुणाला फोन करत नाही, फोन मला येतात. मी कोणत्याही समितीवर नाही, कुठेही सही करत नाही. एक नाव सांगतो, बस्स. त्यातलं एक नाव साफ चुकलं. वर्षाच्या मध्यात तो माणूस सोडून गेला, दोन मुलींचे प्रबंध मार्गदर्शकाविना लोंबकळले. बोलणी खाल्ली विभागप्रमुखांनी. मी घरी चहा पीत होतो. ही गोष्ट आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मग काय, फोन उचलायचाच नाही? ज्यांना विभागाचं काडीचं माहीत नाही त्यांनी ठरवायचं? तीस वर्षं घातली आहेत मी तिथे! सायोन्जीलाही असंच वाटत असणार. १९४०मध्ये, नव्वदीत मरेपर्यंत त्याने दुसरा गेन्रो होऊ दिला नाही. यावर एक परिच्छेद लिही. कठोर लिही, माझी भीड धरू नकोस.

पुढचा मसुदा महिनाअखेरीस हवा.

काल परत फोन आला होता. मी नाव सांगितलं. तुझं नाही सांगितलं, आधी हे प्रकरण पुरं कर.

तुझे
सर